न मळलेली विजार

एका शहराच्या कडेला, जिथे माती तांबडी होती आणि नळाला पाणी मनात येईल तेव्हा यायचं, तिथे एक आई राहत होती. शहर झिम्बाब्वेतलं, बुलावायो नावाचं. आईला सगळी वस्ती माडुबे म्हणायची, कारण लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारायची तिकडे रीत आहे. तिला एकच मुलगा होता, लिंडानी. आणि एकच काळजी होती, तीही लिंडानीच.

त्या वस्तीत पाण्याचा दुष्काळ होता, गुणी पोरांचा कधीच नव्हता. गल्लीगल्लीत पोरं अनवाणी क्रिकेट खेळायची आणि बघणारे तोंडात बोट घालायचे. मोठी होता होता मात्र ती कुठेतरी गळून जायची. एकाचा चेंडू वाऱ्यासारखा यायचा. तो आता प्रवासी गाडीच्या दारात लोंबकळून गिऱ्हाइकं बोलावतो. दुसऱ्याच्या फिरकीपुढे भलेभले नाचायचे. तो परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करतो. दुकानाच्या पायरीवर बसलेले पुरुष त्यांची नावं काढून उसासे टाकायचे. “काय खेळायचा!” हे वाक्य त्या वस्तीत मेलेल्यांपेक्षा जिवंत माणसांबद्दलच जास्त बोललं जाई.

लिंडानी या सगळ्यांहून सरस. लहानपणी तो चेंडूमागे असा झेपावायचा, की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर जाऊन बसत. गुडघे सदा फुटलेले. माडुबे हळद नसलेल्या देशात जे काही लावतात ते लावायची आणि म्हणायची, “पोरा, हाडं तरी शिल्लक ठेव.”

मग एक दिवस वस्तीतला एक नावाजलेला खेळाडू देश सोडून निघाला. जाताना त्यानं आपले पांढरे कपडे लिंडानीला दिले. खरेखुरे, सामन्यात घालायचे. माडुबेनं ते उसवले, आत घेतले, पुन्हा शिवले. अख्ख्या वस्तीत तसं पांढरं कापड चर्चमध्येच काय ते होतं.

पहिल्याच दिवशी लिंडानीनं त्या कपड्यांत आडवी झेप घेऊन झेल घेतला. चेंडू हातात घेऊन तो धावतच घरी आला. त्यानं चेंडू दाखवला. तिनं विजारीचे मातीनं माखलेले गुडघे पाहिले.

नळ कोरडा होता. हिरव्या साबणाची शेवटची चिपटी उरली होती. तिनं मारलं असतं, तर पोर दोन दिवसांत विसरलं असतं. पण ती रडली. तांबडे गुडघे हातात धरून, आवाज न करता रडली. लिंडानी बघत राहिला.

त्यानंतर त्याचे कपडे कधीच मळले नाहीत.

माडुबेला त्याचा केवढा अभिमान! दोरीवर ती विजार वाळत घालताना ती जरा जास्तच वेळ लावायची. शेजारीण माखुमालो कुंपणापलीकडून हसायची. “अगं, पोर वाढवतेस की चर्चमधल्या टेबलावरचं कापड?”

“तुझ्या पोरांकडे बघ आधी,” माडुबे म्हणायची. “धुतल्यावरच कळतं कोणतं कुणाचं ते.”

पोर वाढलं, विजार दरवर्षी खाली सोडली गेली. लिंडानीची बॅट फिरली की लोक बोलणं थांबवत. चेंडू गवतावरून असा सरकत जाई, जणू त्याला कुणी हाक मारली आहे. तो चौकार मारायचा, आणि धावायचा मात्र बेतानं. क्षेत्ररक्षणात चेंडू अडवायचा झाला तर पायानं अडवायचा. तीस-पस्तीस धावा झाल्या, की बाद होऊन परत यायचा, इस्त्रीच्या घडीसकट. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. “देखणा खेळला!” तीस धावांना लोक एवढे उभे राहतात, तर शंभर कशाला करायच्या, असं त्याच्या मनात कधी आलं असेल का? माडुबेच्या मनात तरी आलं नव्हतं. तीही उभी राहायची.

अखेर देशाच्या संघासाठी खेळाडू निवडणारे लोक शहरात यायचे ठरले. एक सामना, तो बघून निवड. आदल्या दिवशी लिंडानीला शिकवणारे न्याथी सर माडुबेच्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“माडुबे, तुमचा मुलगा चेंडूला घाबरत नाही,” ते म्हणाले. “साबणाला घाबरतो.”

ती हसली. सर हसले नाहीत.

“वर्षं झाली, मी ओरडतोय, अंग झोकून दे म्हणून. माझं काय ऐकतोय! तुम्ही एकदा सांगा. उद्या कपडे मळवून ये, एवढंच सांगा. याच्यासारखी पोरं मी खूप पाहिली हो. सगळी आता कुठे आहेत ते तुम्हालाही माहीत आहे.”

माडुबेनं मान डोलावली. सर गेल्यावर ती बराच वेळ दोरीवरच्या विजारीकडे बघत बसली. सांगायचं. सकाळी सांगायचंच. त्यात काय अवघड आहे?

सकाळी तिनं कोळशाच्या इस्त्रीनं विजारीवर धार आणली. लिंडानी दारात उभा राहिला. अख्खी गल्ली बघायला आली होती. माखुमालोनंसुद्धा गालावर हात ठेवला. “अगंबाई, राजपुत्र दिसतोय गं!”

लिंडानीनं आईकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. आणि इतकी वर्षं जे बाहेर पडत होतं, तेच बाहेर पडलं.

“जपून हं.”

“हो आई,” तो म्हणाला.

मैदानात त्या दिवशी तो जन्मात खेळला नव्हता असा खेळला. तीस झाल्या, चाळीस झाल्या. दुसऱ्या टोकाचे गडी पटापट बाद होत गेले आणि शेवटची जोडी उरली. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. निवडणारे खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माडुबेनं पदर नसल्यामुळे डोक्याचा रुमाल सोडून दातांत धरला होता.

लिंडानीनं चेंडू दूरवर मारला. एक धाव झाली. तो दुसरीसाठी वळला, आणि तेवढ्यात सीमेजवळून चेंडू सुटला. सरळ, सपाट, यष्टिरक्षकाच्या हातात येणारा. लिंडानी चांगला धावत होता. शेवटी फक्त एक हात अंतर उरलं. बॅट पुढे टाकून मातीत झेप घेतली की झालं. गल्लीतलं शेंबडं पोरही तेवढं करतं.

“पड!” माडुबे ओरडली. “अरे, पड खाली!”

एवढ्या गलक्यात ते कुणाला ऐकू जाणार?

लिंडानीनं पुढची उकरलेली माती पाहिली. तो ताठच धावत राहिला. फार सुंदर धावला. पोहोचला तेव्हा बेल्स उडालेल्या होत्या.

लोक उभे राहिले. टाळ्या वाजल्या. निवडणाऱ्यांपैकी एकजण न्याथी सरांना म्हणाला, “देखणा आहे हो पोरगा. पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी त्या माणसांच्या जागी दुसरी माणसं आली, आणि त्यांनी येताना आपल्या माणसांची नावं आधीच ठरवून आणली होती.

त्या संध्याकाळी लिंडानीनं विजार उतरवली, घडी घातली आणि आईच्या हातात दिली.

“धुवायची गरज नाही,” तो म्हणाला.

नंतर माडुबेनं पुष्कळदा सांगितलं. मळव रे, फाडून टाक, मी बघते. तोही निमूटपणे गल्लीत जायचा, धावायचा. पण शेवटच्या पावलाला गुडघे ताठ व्हायचे. एकदा तो कसानुसा हसून म्हणाला, “मला कळलंय गं आई. अंगाला कोण सांगणार?” हळूहळू त्यानं जाणं सोडलं. आता तो एका दुकानाच्या दारात पहारेकऱ्याचं काम करतो. सदरा स्वच्छ असतो. पायरीवरचे पुरुष नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, “काय खेळायचा!” त्याला ते ऐकू येतं.

एकदा नळाला भरपूर पाणी आलं. माडुबेनं पेटी उघडून ती विजार बाहेर काढली. घडीवर घडी, तशीच होती. फक्त पांढरी राहिली नव्हती. पडून पडून पिवळी झाली होती. तिनं ती भिजवली. हिरव्या साबणाची अख्खी वडी घासली. बादलीमागून बादली ओतली. मातीचा डाग असता तर कधीच निघाला असता. हा पिवळेपणा निघेना.

तात्पर्य: अंगाला लागलेली माती धुता येते, न वापरता राहिलेला गुण धुऊन नवा करता येत नाही, म्हणून मुलाला “जपून” म्हणण्याआधी आईनं स्वतःला विचारावं, आपण मूल जपतो आहोत की कापड.