केसरबाईची हाक

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्ष कोणतं यावर नांदुरखेड्याच्या पारावर अजून वाद होतात, पण वेळेबद्दल कुणी वाद घालत नाही. त्या वेळेला इंदूचा डोळा गेला आणि केसरबाईच्या हाकेची गोष्ट सुरू झाली.

केसरबाई म्हणजे इंदूची माय. ज्वारी निसवली की शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलायची. तिनं हाक मारली की तीन शिवारांतले पोपट एकदम उठायचे, असं म्हणतात. पण जीव भित्रा. इंदू हायस्कूलच्या सॉफ्टबॉलच्या संघात गेली, तसं केसरबाईचं अर्धं जेवण तुटलं. दर मॅचला ती मैदानाच्या कडेला उकिडवी बसायची आणि पदराचं टोक चावायची.

खेळ साधाच. बॅटनं बॉल मारायचा, एकेक बेस गाठत पळायचं आणि फिरून घरी यायचं. पण पंच मात्र गावागणिक निराळे. नांदुरखेड्याचे नेहेतेमास्तर चिंचेखाली खुर्ची टाकून बसत. शेजारच्या हिवरदऱ्याचे बोंडेनाना उभे राहत, पण जिथं सावली जाईल तिथं तेही जात. नांदुरखेड्यात शिट्टी वाजली म्हणजे खेळ थांबला. हिवरदऱ्यात शिट्टी वाजली म्हणजे खेळ चालू. दोन्ही गावच्या क्रीडा मंडळांना हे ठाऊक होतं. पंचांसाठी सगळीकडं चालणारी एकच पद्धत वरून आली होती, तीही ठाऊक होती. पण दुसऱ्याची रीत उचलायची म्हणजे नाक कापून घेणंच की!

त्या दिवशी नांदुरखेड्यात या दोन गावांची मॅच होती, पंच दोन्ही गावांचे. बॉल गेला पार बांधापर्यंत. इंदू दुसरा बेस सोडून तिसऱ्याकडं निघाली. दोन्ही पंच बॉलकडं बघत होते. पोरीकडं कुणीच बघत नव्हतं. नेहेतेमास्तरांनी बसल्या जागी शिट्टी फुंकली. इंदूला वाटलं, खेळ थांबला. ती मध्येच उभी राहिली आणि हसून मायकडं वळली. हिवरदऱ्याच्या पोरीला वाटलं, खेळ चालू आहे. तिनं जीव खाऊन बॉल फेकला.

केसरबाई धावत पोहोचली तेव्हा इंदू मातीत पडली होती, डोळ्यावर हात धरून. आणि दोन पावलांवर हे दोघे भांडत होते.

"बाद आहे!" बोंडेनाना म्हणाले.

"कसली बाद? शिट्टी ऐकली नाही का? का कान हिवरदऱ्यात ठेवून आलात?"

"तुमची शिट्टी तुमच्या चिंचेखाली वाजवा, मास्तर!"

पोरगी रडत होती आणि हे ती बाद की नाबाद ते ठरवत होते. केसरबाईनं पोरीला पाठुंगळी घेतलं. तिनं जिथं जिथं पाय ठेवला तिथली हरळी जळाली, असं म्हणतात.

डोळा काही वाचला नाही. मग शाळेत बैठक झाली. कुणी मास्तरांना जाब विचारला नाही, नानांना विचारला नाही. सरपंच म्हणाले, "पोरींचा खेळ बंद करू. नसता घोर."

केसरबाई दारात उभी होती. ती आत आली.

"डोळा माझ्या पोरीचा गेला, आणि शिक्षाही पोरींनाच?"

"वहिनी, तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं? पोर भुईवर पडली तेव्हा हे भांडत होते! यांचा खेळ बंद करा ना! यांची खुर्ची बंद करा!"

कुणीतरी हसलं. "बाईला सॉफ्टबॉलमधलं काय कळतं?"

"काहीच कळत नाही," केसरबाई म्हणाली. "एवढंच कळतं, की माझी पोर पळत होती आणि कुणी बघत नव्हतं."

खेळ बंद झाला नाही, पण पंचांची रीतही बदलली नाही. दुसऱ्या दिवशी ती मैदानात गेली आणि दुसऱ्या बेसवर मांडी घालून बसली. ज्या गावात मॅच, त्या गावात ती. नांदुरखेड्यात बसली, हिवरदऱ्यात बसली, तालुक्याच्या बाजारमैदानात बसली. उठवायला गेलेल्यांना ती एकच विचारायची, "कोण बघतंय?" चार गडी लावले तरी ती हलेना, असं म्हणतात. जमिनीत मुळं गेल्यासारखी बाई. हळूहळू दुसऱ्या आयाही कडेला येऊन उभ्या राहू लागल्या. मंडळांच्या बैठकांवर बैठका झाल्या. "पद्धत घेऊ, पण आमची घेऊ," असं प्रत्येक मंडळ म्हणायचं.

शेवटी तालुक्याच्या मॅचला बोंडेनाना चिडले. "बसू दे तिला. खेळा तिला वळसा घालून!"

एका पोरीनं बॅट फिरवली. बॉल वर गेला. वर गेला तो खाली येईना. लोक माना मोडेस्तोवर बघत राहिले. दोन्ही पंच तोंड उघडं टाकून वर बघत राहिले. सावल्या वळल्या, पोरींचे पाय बेसवर भाजले, तरी बॉल येईना. असं म्हणतात, की त्याच्याकडं सगळेच बघत होते, म्हणून तो कुणाचाच नव्हता.

तेव्हा केसरबाई उठली. माळ्यावरून मारायची तीच हाक तिनं मारली.

"कोऽऽण बघतंय?"

"मी!" मास्तर म्हणाले.

"मी!" नाना म्हणाले.

"मग माझ्या पोरीकडं कोण बघत होतं?"

नेहेतेमास्तरांनी बरोबर आणलेल्या आपल्या खुर्चीकडं पाहिलं. ती त्यांनी उचलली आणि कुंपणापलीकडं भिरकावली. आत येऊन त्यांनी हात वर केला. "नाना, बॉल माझा."

बोंडेनानांनी खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि पळणाऱ्या पोरींचे पाय दिसतील असे ते बेसजवळ उन्हात जाऊन उभे राहिले. "पाय माझे," ते म्हणाले. "निकाल एकानंच द्यायचा. मूठ वर म्हणजे बाद, दोन्ही हात पसरले म्हणजे नाबाद. शिट्टी नाही."

तेव्हा कुठं बॉल खाली आला. इंदू डोळ्याला पट्टी बांधून कडेला उभी होती, ती धावली. बॉल तिच्या हातात आला नाही, पुढ्यात पडला. तिनं तो उचलला आणि फेकला. कुणी हसलं नाही.

त्या वर्षी सगळ्या मंडळांनी एकच पद्धत घेतली. पंचांनी कुठं उभं राहायचं, कुणी कशाकडं बघायचं, हाताची खूण कोणती, सगळं एक. नेहेतेमास्तर मग कधी बसले नाहीत. इंदू पुढं दोन वर्षं खेळली. केसरबाईचा राग गेला का? नाही गेला. मरेपर्यंत ती त्या चिंचेखालून गेली नाही, आणि कुणी हात जोडले तरी म्हणायची, "माझ्या पोरीचा डोळा आणून द्या, मग जोडा."

अजूनही त्या तालुक्यात मॅचआधी पोरींच्या आया कडेला उभ्या राहतात आणि एका सुरात हाक मारतात, "कोण बघतंय?" एक पंच हात वर करतो, "बॉल माझा." दुसरा म्हणतो, "पाय माझे." त्याशिवाय पहिला बॉल पडत नाही. आणि चिंचेखाली कुणी खुर्ची टाकत नाही.

पण अशी गावं अजून आहेत, जिथं पंच सावलीत बसतो आणि पोरी उन्हात पळतात. तिथं तुमची लेक असेल, भाची असेल, शेजारणीची पोर असेल. तिच्या आईला ही हाक शिकवा. तिला सांगा, दोन्ही उत्तरं आल्याशिवाय पोरीला बेसवर पाय ठेवू देऊ नकोस. आणि तिनं पुढच्या गावाला सांगावं.