खुरटलेली ज्वारी

एका उजाड माळावर एक हरणी आपल्या पाडसासह राहत असे. मुलांनो, तिची एक सवय होती. कुठे हिरवे दिसले, की पहिला घास पाडसाचा. ते चरून बाजूला झाले, की उरलेसुरले ती खाई. त्या वर्षी पावसाने मध्येच दडी मारली आणि माळावरचे गवत करपून गेले. पाडसाच्या बरगड्या दिसू लागल्या, तसे हरणीच्या तोंडचे पाणी पळाले.

माळाखाली ज्वारीचे शेत होते. ज्वारी वाढ खुंटून गुडघ्याएवढीच राहिली होती, पण हिरवी होती. हरणी पाडसाला घेऊन तिकडे निघाली, तर बांधावर टिटवी आडवी आली. तिने परोपरीने समजावले, की ज्वारीच्या मुळांना ओल मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी पानांना सांगावा धाडला. उरलेली ओल उडून जाऊ नये म्हणून पानांनी आपली बारीक बारीक तोंडे मिटून घेतली आणि सुरळी करून ती गप्प बसली. "पण शेंड्याच्या कोवळ्या पोंग्यात, नव्या पानांच्या गुंडाळीत, ज्वारीनं विष साठवलंय," टिटवी म्हणाली. "कणसं भरेपर्यंत हिला तोंड लावू नकोस."

आता टिटवीचे ओरडणे कोण मनावर घेणार? शेतात तिची अंडी होती, आणि साध्या सशालाही ती कोल्हा आला, साप आला म्हणून पिटाळून लावी. हरणीला वाटले, हे त्यातलेच. तिने पाडसाला पुढे केले आणि सवयीप्रमाणे आपण मागे थांबली. बिचारीचे काय चुकले म्हणावे? पाडसाने अधाशासारखे पोंगे खाल्ले. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि ते आईसमोरच कोसळले. हरणी त्याला चाटत राहिली, पण ते पुन्हा उठले नाही.

"आम्ही या ज्वारीचं काय वाकडं केलं होतं?" हरणीने विचारले.

टिटवी या वेळी ओरडली नाही. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "काहीच नाही, बाई. तू लेकरू जगवायला धडपडत होतीस, ती आपला कोंब."

पुढे पाऊस आला. पानांच्या सुरळ्या उलगडल्या, ज्वारी पुरुषभर वाढली, कणसे भरली. पाखरे दाण्यांवर तुटून पडली आणि कुणालाच काही बाधले नाही. हरणी मात्र बांधापर्यंत येई, पहिला घास कुणाला द्यावा हे तिला कळत नसे, आणि ती तशीच उपाशी परत जाई.

तात्पर्य : ज्याचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला आहे, त्याच्या दारी पोट भरायला जाऊ नये.