गरजू कसं दिसावं

गरिबांची सेवा करणाऱ्यांना समोरचा गरीब दिसायलाही गरीबच लागतो. बार्शीतल्या एका सेवा क्लबने वस्तीतल्या मुलींसाठी शिवणवर्ग चालवला. शेवटी प्रत्येकीला शिलाई मशीन मिळणार होतं. रेश्मा वाघमोडेने तर त्या भरवशावर शाळेच्या गणवेशांचं काम घेऊनही ठेवलं होतं.

समारंभाला मुली स्वतः शिवलेले नवे कुर्ते घालून आल्या. क्लबचे अध्यक्ष कोठावळे दारातच कडाडले, "लग्नाला आलात का गं? आपले वरिष्ठ, प्रांतपालसाहेब येतायत. तुम्ही गरजू वाटायला नकोत? घरी जा, जुनं-फाटकं घालून या. नाहीतर मशीन विसरा!"

मुली रडवेल्या झाल्या. रेश्मा म्हणाली, "चला गं. काका म्हणतात तसंच करू."

ती खांद्यावर उसवलेला कुर्ता घालून मंचावर गेली. प्रांतपालांनी कौतुकाने विचारलं, "बाळ, इथे काय शिकलीस?"

"शिवण, सर."

त्यांची नजर तिच्या खांद्यावर गेली. "मग हे उसवलेलं तसंच कसं?"

"शिवलेलं घातलं तर मशीन मिळणार नाही, असं अध्यक्षकाका म्हणाले. शिवायला आम्ही सहा महिन्यांत शिकलो, सर. फाटकं घालायला मात्र आज सकाळीच शिकवलं."

सभागृह खो खो हसलं. प्रांतपालांनी मुलींना आपापले नवे कुर्ते घालून यायला लावलं आणि मगच मशीनं दिली. फोटोही निघाला. त्यात गरजू दिसतायत ते एकटे कोठावळे.