केरबाचे दुखणे

निवांत महाराजांचा मुक्काम त्या वर्षी बोरजाई गावी, मारुतीच्या देवळात होता. आले होते दोन दिवसांसाठी, राहिले पाच महिने. कोणी कारण विचारले तर महाराज म्हणत, "इथलं भजन सोडवत नाही."

बोरजाईचे भजन काही नावाजलेले नव्हते. फार संथ म्हणून शेजारची गावे त्याची थट्टाच करीत. ते संथ का झाले, हे मात्र गावालाही माहीत नव्हते. देवळातली पखवाजाची सेवा केरबा गुरवाची. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या सांध्यांत दुखणे शिरले. आधी पेरे सुजली, मग बोटे वाकडी झाली, मग गुडघे गेले. जलद बोल निघेनात तसा केरबा सावकाश वाजवू लागला. गाणारे त्याच्या हातामागे चालत राहिले, आणि हळूहळू सगळ्या गावाचे भजन त्याच्या बोटांच्या बेताने चालू लागले. कोणाच्या ध्यानातही आले नाही. केरबाच्या आले होते, आणि महाराजांच्या.

सकाळी मुलगी यमुना कढत पाण्याचे पातेले पुढे ठेवी. त्यात घटकाभर हात बुडवले की बोटे अर्धी उघडत. "आज कसं आहे, आबा?" असे ती विचारीत नसे. आबा तांब्या एका हाताने उचलतात की दोन्ही, एवढे बघे आणि कामाला लागे. विचारणारे गावात होते, पण सांगितले की म्हणत, "वात आहे, थंडी सरली की जाईल." केरबाने सांगणेच सोडले होते.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनासाठी दामोदरबुवा आले. आवाज खणखणीत, लय दौडत्या घोड्याची, आणि त्याचा अभिमानही तसाच! आदल्या संध्याकाळी हरिपाठाला त्यांनी केरबाचा पखवाज ऐकला आणि मध्येच हात वर केला.

"अहो गुरव, हे भजन आहे, की मेंढरं ओढ्यातून चाललीत?"

मंडळी हसली. केरबाही हसला. "हात दुखत्यात बुवा. जमंल तेवढं करतो."

"दुखतात? दुपारी पंगतीत भाकरी तर झकास मोडत होता! भाकरीला दुखत नाही आणि पखवाजाला दुखतं, याला आम्ही सोंग म्हणतो."

"सारखं नसतं ओ दुखणं. दुपारच्याला जरा..."

"ते राहू द्या. उद्या माझ्या लयीत वाजवा. नाही जमलं, तर सेवा दुसऱ्याकडे. काय मंडळी?"

मंडळींनी माना खाली घातल्या. नको, असे कोणी म्हणाले नाही.

केरबा भिंतीला धरून महाराजांपाशी आला. महाराज म्हणाले, "दुखेल म्हणून भ्यालास?"

"दुखण्याची सवय झाली, महाराज. पखवाज गेला तर माझ्यापाशी काय ऱ्हातं, ही भीती हाय. आणि सोंग म्हणाले ते लागलं. कवा कवा माझं मलाच वाटतं, खरंच का एवढं दुखतंय?"

महाराजांनी त्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिले. मग म्हणाले, "उद्या तूच वाजव."

सकाळी यमुनेने पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावून दिली. गुडघा मोडत नसल्याने केरबा एक पाय लांब करून बसला. महाराज टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. बुवांनी अभंग उचलला, तोही मुद्दाम दुप्पट लयीत. मारुतीचे नाव घेऊन केरबाने पहिली थाप टाकली, आणि काय ती कृपा! बोटे उघडली. कधी मिटलीच नव्हती अशी उघडली. नऊ वर्षे कोंडलेले बोल एकामागून एक सुटले. दुखत नव्हते. कुठेच दुखत नव्हते! बुवांची लय वाढली तशी पखवाजाची वाढली. केरबाच्या डोळ्यांना धार लागली.

इतक्यात दगडी फरशीवर टाळ खणकन पडला. महाराजांच्या हातून टाळ सुटलेला गावाने कधी पाहिला नव्हता. केरबाने मान वळवली. महाराजांची पेरे सुजलेली, बोटे वाकलेली, करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली. ते हात केरबाने ओळखले. त्याचा पखवाज थांबला.

बुवा लगबगीने टाळ उचलून महाराजांच्या हातात देऊ लागले. बोटांना बोट लागले मात्र, महाराजांनी दातांवर दात धरले.

"हळू, दामोदरा."

बुवा त्या बोटांकडे बघत राहिले. "महाराज, एवढं दुखतं?"

"एवढं. मी अर्धी घटका धरलं, तर टाळ सुटला. यानं नऊ वर्षं धरलंय, आणि रोज देवापुढे वाजवतोय."

केरबा उठून पुढे आला. "महाराज, माझं मला माघारी द्या."

"काला होईपर्यंत राहू दे की माझ्याकडे."

"नको. तुमाला कळलं, मला पावलं."

त्याने महाराजांचे हात धरले. करंगळीपासून त्याचे स्वतःचे एकेक बोट पुन्हा मिटत गेले. दुखणे तेच होते, तेवढेच होते. पण ते खरे होते, हे आता त्याला कोणाला पटवायचे नव्हते, स्वतःलासुद्धा नाही. केरबाने वाकडे हात तसेच जोडले.

मागे सरून तो पखवाजाशी बसला. "बुवा, तुमच्या लयीत आता न्हाई जमायचं."

"तुम्ही धरा," बुवा खालच्या आवाजात म्हणाले. "मी मागनं येतो."

काला त्या संथ चालीत झाला. तीस वर्षे गायलेला अभंग बुवा त्या दिवशी शब्दाशब्दाला थांबून गायले. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला गेला, आणि बुवा केरबापुढे येऊन पायांकडे वाकले.

"हां हां, बुवा! गुडघ्याला हात नका लावू. लई ठणकतोय."

बुवांचा हात जागीच थांबला. खरेच का, असे त्यांनी विचारले नाही. ते हातभर मागे सरले आणि केरबासमोर त्यांनी फरशीवर डोके टेकवले.