खांबाचा जळफळाट

दिवाळी होती की दसरा, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण फार पूर्वी एका क्रीडामंडळाच्या कोठीत खो-खोचा खांब बॅटीवर जळत असे. सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या टीव्हीसमोर क्रिकेटला सारी आळी लोटे. खो-खो लागला की चारच माणसे उरत.

त्या सणाला त्याने विचारलेच, “बॅटबाई, काय चेटूक करतेस गं?”

“चेटूक कसलं, खांबोबा? माझ्या खेळात माणूस पुऱ्या तळून येतो, डुलकी काढतो, तरी सामना चालूच! तुमच्यात पापणी लवली की गडी बाद.”

खांब आणखीच धुमसला.

बऱ्याच वर्षांनी तो टीव्ही मोडून कोठीत आला, तेव्हा खांबाने त्याच्याकडून खातरजमा करून घेतली. क्रिकेटच्या गर्दीतले निम्मे घोरत असत. खो-खोच्या चौघांतला एकही कधी पाणी प्यायलासुद्धा उठला नव्हता.