एकीवरून सांगता येत नाही

एका गावात एक भोळा कासार होता. इतका भोळा, की त्याच्यामुळे गावातले बाकीचे भोळे शहाण्यांत जमा झाले होते. नाव लिंबाजी. कासार म्हणजे बायकांना बांगड्या भरणारा. वडील गेल्यापासून दुकान त्याची आई सगुणाबाई चालवत होती. आता तिचे हात कापू लागले होते. लिंबाजीने दुकान सांभाळावे आणि घरात सून यावी, एवढेच तिचे मागणे होते. शेजारगावच्या मुकुंदशेटांची इंदू तिने मनात धरली होती. मुकुंदशेटांचा धंदा पितळी भांड्यांचा. ते म्हणाले, मुलाने वर्षभर एकट्याने दुकान चालवून दाखवावे, मग पाहू.

म्हणून सगुणाबाईने लिंबाजीला कोपरकर मास्तरांकडे शिकायला पाठवले. मास्तरांनी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकणारा कोणी मिळाला नव्हता.

मास्तरांनी शक्यतेपासून सुरुवात केली. डझनभर बांगड्या भरताना किती वाढतात, असे त्यांनी विचारले. बांगडी फुटली असे कासाराकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. लिंबाजी म्हणाला, कधी दोन, कधी एक, कधी एकही नाही. मास्तरांनी पाटीवर बेरीज करून, भागाकार करून सांगितले, की डझनाला सरासरी एक.

दुसऱ्या दिवशी गुरवाची बायको आली. लिंबाजीने तिला डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही. ती उठू लागली, तसा त्याने तिचा हात धरून ठेवला.

"अरे, सोड की."

"मावशी, एक राहिली आहे."

"बारा झाल्या ना भरून?"

"भरायची नाही. वाढायची."

आणि शेवटची बांगडी त्याने पेटीच्या कडेवर टेकवून वाढवली.

मास्तरांच्या कानावर हे गेले. त्यांनी लिंबाजीला बसवून समजावले, की बांगडीला आठवण नसते. आधीच्या अकरा शाबूत राहिल्या हे बारावीला ठाऊक नसते. आधीच्या बांगडीचा पुढचीशी काही संबंध नाही, एवढे ध्यानात ठेव.

लिंबाजीने ते ध्यानात ठेवले. दुसऱ्या दिवशी सुताराची सून आली. तिला दोनची बांगडी लहान झाली, सव्वादोनची नीट बसली. दुसऱ्या बांगडीला लिंबाजीने पुन्हा दोनची घेतली. ती अडकली. मग सव्वादोनची घेतली. तिसऱ्या बांगडीला पुन्हा दोनची.

"भाऊजी, माप आत्ताच झालं की."

"ते आधीच्या बांगडीचं."

ती सकाळी आली होती. दुपारी सासू तिला शोधत आली आणि बघत बसली. सातव्या बांगडीनंतर सासूने शेजारणींनाही बोलावून घेतले.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण इतक्या वर्षांनी मिळालेला शिष्य सोडवत नव्हता. त्यांनी पाटीवर उपड्या घंटेसारखी एक टेकडी काढली. गावातल्या बायकांचे हात असे असतात, ते म्हणाले. मधल्या मापाच्या पुष्कळ, म्हणून टेकडी मध्ये उंच. फार लहान हाताच्या थोड्या, फार मोठ्या हाताच्या थोड्या. शंभरातल्या अडुसष्ट मधल्या, सोळा इकडे, सोळा तिकडे. माल भरायचा तो या अंदाजाने.

लिंबाजीने माल अगदी तसाच भरला. सगुणाबाईला बरे वाटले. नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी झाली. लिंबाजी मापागणिक पाटीवर रेघा मारत होता. तिसऱ्या प्रहरी पोस्टमास्तरांची बायको आली.

"वहिनी, मधल्या संपल्या," लिंबाजी म्हणाला.

"ह्या काय समोर दिसतायत."

"बांगड्या आहेत. बायका संपल्या. अडुसष्ट होऊन गेल्या. आता तुम्ही एकतर लहान व्हा, नाहीतर मोठ्या व्हा. मोठ्यांत अजून सात जागा आहेत."

तिला अडीचच्या बांगड्या भरून त्याने घरी पाठवले. विहिरीवर पाणी शेंदताना सगळ्या बांगड्या विहिरीत गेल्या. ती तणतणत परत आली, तेव्हा त्याने तिला मोठ्यांतली आणखी एक बाई धरले.

मास्तरांनी त्या दिवशी पाटी पुसून बाजूला ठेवली. मग त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की आजपासून घाई करायची नाही. एक-दोन पाहून कशाबद्दलही मत द्यायचे नाही. कमीत कमी तीस पाहावेत, मगच तोंड उघडावे.

एवढे होऊनही दुकान चालले. लिंबाजी आज काय करतो हे बघायला पाच गावच्या बायका येत, आणि आल्यासारख्या डझनभर बांगड्या भरून जात. मुकुंदशेटांनी लांबून गर्दी पाहिली आणि मुलगी दाखवायला बोलावले. इंदूच्या कानावर सगळ्या गोष्टी आल्या होत्या. ती आईला म्हणाली होती, की माणूस खोटे बोलत नाही, आणि त्याच्या घरी हसायला कमी पडणार नाही. तिच्याकडून होकारच होता.

पोहे झाले, चहा झाला. इंदू बोलत होती, लिंबाजी ऐकत होता. सगुणाबाईने उठण्याची खूण तीनदा केली. शेवटी मुकुंदशेटांनी विचारले, "काय लिंबाजीराव, मुलगी पसंत आहे ना?"

"एकीवरून सांगता येत नाही," लिंबाजी म्हणाला. "अजून एकोणतीस पाहाव्या लागतील."

मुकुंदशेटांच्या हातातली बशी तशीच राहिली. सगुणाबाईने पदर डोळ्यांवर ओढला. दाराशी उभी असलेली इंदू मात्र हसली.

"बाबा, जाऊ द्या त्यांना. बघून परत येतील. मी होळीपर्यंत थांबते."

लिंबाजी बांगड्यांची पेटी खांद्यावर घेऊन निघाला. मुली कशाने मोजाव्यात हे मास्तरांनी सांगितले नव्हते, म्हणून त्याने आपले एक माप काढले. एखादीच्या घरी बसल्यावर उठावेसे वाटेपर्यंत किती मिनिटे जातात, ते तो मनगटावरच्या घड्याळात बघून वहीत लिही. अठरा, बावीस, वीस, एकोणीस. पंधराच्या खाली कोणी नव्हती, पंचविसाच्या वर कोणी नव्हती. एका मुलीला गोवर आला होता, तर ती बरी होईपर्यंत तो तिच्या गावी आठ दिवस थांबला. इंदूच्या घरीही त्याने येता-जाता घड्याळ पाहिले होते; तिचा आकडा त्याने पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता. एकशे चाळीस.

होळीच्या आदल्या दिवशी वही पुरी झाली. तो आधी मास्तरांकडे गेला. आकडे कशाचे आहेत हे मास्तरांनी विचारले नाही. आकडे दिसले की ते दुसरे काही विचारत नसत. त्यांनी टेकडी काढली. अगदी घंटेसारखी आली. मास्तरांचे डोळे भरून आले. शिष्य तयार झाला, असे त्यांना पहिल्यांदाच वाटले.

"आणि हा एकशे चाळीस काय आहे?"

"तोही मोजलेलाच आहे."

"छे. एकोणतीस एका जागी, आणि हा एकटाच पार पलीकडे. असं होत नाही. घड्याळ बिघडलं असेल. खोडून टाक."

लिंबाजीने घड्याळ कानाला लावले. ते चालू होते. पण मास्तर चाळीस वर्षे शिकवत आले होते. त्याने तो आकडा खोडला.

होळीच्या दिवशी तो मुकुंदशेटांच्या दारात उभा राहिला. इंदू बाहेर आली. तिने नवे लुगडे नेसले होते. आतून पुरणाचा वास येत होता.

"पाहिल्या सगळ्या?"

"पाहिल्या."

"मग?"

"तुझ्यासारखी एकही नाही," लिंबाजी म्हणाला.

इंदूने मान खाली घातली.

"दूरदूरपर्यंत नाही. म्हणून मोजण्यातच काहीतरी चूक झाली असणार. तुला वगळलं."

इंदूने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता. मग तिने हळू आवाजात विचारले, "आणि आता?"

"आता पंचाईत झाली आहे. एकोणतीसच उरल्या."

एवढे बोलून त्याने पेटी खांद्यावर चढवली, आणि तिसावी पाहायला तो पुढच्या गावी गेला.