ठकूचं खुराडं

फार वर्षांपूर्वी एक साल असं आलं, की कळमदऱ्यात पहाटे कोंबडा आरवायचा थांबला. त्या साली मानमोडी आली होती. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या घरातलीही गार व्हायची. पंधरा दिवसांत गावातली सगळी कोंबडी गेली. बाळंतिणीला अंडं मिळेना, आजाऱ्याला रस्सा मिळेना, देवीपुढे ठेवायलाही काही उरलं नाही. बाहेरून आणावी तर सगळ्या खोऱ्यात तोच रोग. लोकांना उजाडलेलं कळेना, असं म्हणतात. हे जरा जास्तच झालं म्हणा, पण गाव मुकं झालं होतं एवढं खरं.

गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, ठकू नावाची एक विधवा बाई एकटी राहायची. तिची एक तांबडी कोंबडी तेवढी वाचली, कारण ती तेव्हा अंड्यांवर बसली होती आणि कुठं हिंडत नव्हती. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. धोंडजी पाटील चार माणसं घेऊन वर आले, पिल्लं बघून त्यांचे डोळे भरले. तिथंच ठरलं, की ठकूनं ही वाढवायची आणि पुढं यांची पिल्लं घराघरात द्यायची. ही नऊ गेली, तर कळमदऱ्याचं बियाणंच गेलं. ठकूला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागलं नाही.

पिल्लं अंगानं भरली, पाटीखाली मावेनाशी झाली. रानमांजराचे माग अंगणापर्यंत येऊ लागले. आता खुराडं हवं होतं, आणि तिथंच गावात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, विकत घ्या. तालुक्याच्या बाजारात एक सुतार सागवानी खुराडी करून ठेवायचा. निम्मे म्हणाले, बांधा. पण ते दिवस राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचे होते, त्यामुळे बांधा म्हणणाऱ्यांपैकीही एक जण फावडं घेऊन वर आला नाही. चावडीवर बसून सगळ्यांनी मतं मात्र भरपूर दिली.

शेवटी पाटील ठकूकडे आले.

"वैनी, बाजारचंच घेऊ. पितळी बिजागऱ्या हायेत त्याला. गावाची कोंबडी काय चिखलाच्या ढिगात ठेवायची? चार गावांनी बघत ऱ्हायला पायजे."

ठकू म्हणाली, "पाटील, मुंगूस बिजागरी बघत न्हाय, फट बघतं. मी बाजारात जाऊन बघून आलेय ते. माझी चार बोटं जात्यात त्याच्या फळ्यांतून. मला माती द्या आन् चार हात द्या, आठ दिसांत उभं करते."

"बघू," पाटील म्हणाले. आपल्याकडे बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ठकूनं वाट पाहिली नाही. ओढ्यातले दगड डोक्यावरून आणले, तळ्याची माती आणली, भाताचा पेंढा घालून ती पायांनी तुडवली आणि हातभर जाडीची भिंत एकटीनं चढवली. तिच्या टाचांना भेगा पडल्या आणि त्या भेगांतलं रक्त त्या मातीत गेलं, असं म्हणतात. आठाचे सोळा दिवस झाले. छप्पर झालं, त्यावरही मातीचा थर बसला. दार तेवढं राहिलं होतं.

इकडे गावानं विकतचं घ्यायचं नक्की केलं. कळमदऱ्याची रीत अशी होती, की जी वस्तू साऱ्या गावाची, मग ती देवीची घंटा असो की जत्रेचा ढोल, ती आणायला साऱ्या गावानं जायचं आणि वाजतगाजत आणायची. खुराडं गावाचं, म्हणून सारा गाव निघाला. पुढे हलगी, मागे हळदकुंकवाची ताटं घेऊन बायका. ज्यांना चालवत नव्हतं ते म्हातारे तेवढे घरी राहिले. निघताना पाटलांनी ठकूलाही हाक मारली.

"भिंत वली हाय अजून," ठकू वरूनच म्हणाली. "मी न्हाय यायची."

पाटलांना राग आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

कुणीतरी राब भाजून निखारे तसेच ठेवले होते. कुणी, ते गावानं कधी विचारलं नाही, कारण ते कुणीही असू शकलं असतं. दुपारी वारा सुटला आणि वाळक्या गवतातून वणवा सोंडेवर चढला.

पुढचं कुणी पाहिलेलं नाही. गावात जे सांगतात ते असं. ठकूला खाली पळता आलं असतं, वाट मोकळी होती. पण पिल्लं धुरानं बिथरून रानात पांगली होती. ठकू "ती ऽ ती ऽ ती" करत झुडपाझुडपातून फिरली. एकेक पिल्लू पदरात धरून आणून खुराड्यात सोडलं. तांबडी कोंबडी आपणहून आत गेली. नववं पिल्लू आत गेलं तेव्हा वाट बंद झाली होती. दाराला फळी नव्हती. मग तिनं प्यायच्या पाण्याची घागर उरल्या मातीत ओतली आणि ओंजळी ओंजळींनी दार लिंपून टाकलं. मग त्या ओल्या चिखलाला पाठ लावून ती बसली.

गाव हलगी वाजवत परत आलं, तेव्हा खिंडीतून त्यांना काळा डोंगर दिसला. हलगी थांबली. सगळे धावत वर गेले. झोपडीची राख झाली होती. खुराडं तांबडंलाल भाजून निघालं होतं, पण उभं होतं. आणि दाराशी ठकू बसली होती, कोपरापर्यंत माती वाळलेली, डोळे मिटलेले. तिच्या अंगावर पोळल्याची एक खूण नव्हती, असं म्हणतात. पाटलांनी तिला हाक मारली, मग पुन्हा मारली. मग दार फोडलं. आतून कोंबडी निघाली, मागोमाग नऊ पिल्लं निघाली, आणि ती रानात न जाता ठकूभोवतीच दाणे शोधत फिरू लागली. पाटील तिथंच खाली बसून रडले.

सागवानी खुराडं वाटेवरच राहिलं. पाटलांनी ते कुणाला उचलू दिलं नाही. पितळी बिजागऱ्यांसकट ते तिथंच पडून राहिलं आणि त्याचं लाकूड वाळवीनं खाल्लं.

आज कळमदऱ्यात कोंबड्या मोप आहेत. तिथं कुणी खुराडं बांधायला घेतलं, की प्रत्येक घरातून एक माणूस ओंजळभर चिखल घेऊन जातो, आपल्या हातानं भिंतीला लावतो आणि दार बसेपर्यंत तिथून हलत नाही. मग घरी राब भाजायचा राहो, नाहीतर लग्न असो. अलीकडे तालुक्याहून टेम्पोतून जाळीचे तयार पिंजरे येतात. त्याला कुणाची ना नाही, ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. पण पिंजरा अंगणात उतरला, की लोक चिखल घेऊन येतातच. जाळीवर चिखल काही धरत नाही, संध्याकाळपर्यंत वाळून गळून पडतो. तरी एकेक जण पुढे होऊन लावतो, आणि लावताना हळूच म्हणतो, "आलो गं, ठकूबाय."